औषध लागू पडेल का, हे आधी कळू द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या आबांच्या डाव्या टाचेवर काळा डाग उठला. तासगावच्या द्राक्षबागेत हयात गेलेला माणूस, पायात चप्पल नावालाच. कुरूप असेल म्हणून त्यांनी तो दोनदा ब्लेडने तासला. जांघेत लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा निघाला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, तोही पसरलेला.

डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारं औषध. मी एवढंच विचारलं, "आबांना लागू पडेल का?" "काहींना पडतं, काहींना नाही," असं उत्तर आलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच उत्तरावर आम्ही अर्धा एकर बाग विकली. चार डोस झाले आणि स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या.

थोडाफार अंदाज आधी बांधता येतो, हे मला नंतर कळलं. रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम फार वाढलेलं असेल तर गुण येण्याची शक्यता कमी. ही तर साधी रक्ततपासणी. शिवाय गाठीच्या नमुन्यात पीडी-एल१ हे प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन किती, जनुकांत बदल किती, लढणाऱ्या पेशी गाठीत शिरल्यात का, हे पाहतात. एकट्या तपासणीवर काही ठरत नाही, सगळं मिळून पाहावं लागतं.

खरी मेख पुढेच आहे. परदेशातल्या एका मोठ्या चाचणीत दोन इम्युनोथेरपी औषधं एकत्र घेतलेले ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनीही हयात होते. पण ते बहुतेक गोरे. त्यांच्यातला मेलॅनोमा मुख्यतः उन्हाने होणारा. उन्हाने जनुकांत ढीगभर बदल होतात, म्हणून प्रतिकारशक्तीला ती गाठ परकी म्हणून ओळखू येते. तळपायाच्या मेलॅनोमात असे बदल कमी, औषधाचा गुणही कमी. आपल्याकडे तळपायाचे रुग्ण बरेच. मग तिकडच्या आकड्यांवरून आबांचा अंदाज कसा बांधायचा?

म्हणून मागणी एवढीच, की मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशा प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवा: तपासणीत काय आलं, औषध कोणतं दिलं, गुण आला की नाही. औषध सुरू करण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च शासनाने उचलावा. आणि नमुना मुंबईला पाठवायचा असेल तर तो महाविद्यालयाने पाठवावा. मी आबांचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला त्यांच्या गाठीचा तुकडा, रुमालात गुंडाळून, महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्रभर मांडीवर धरून नेला होता. उकाड्याने मेण वितळेल या भीतीने डोळ्याला डोळा लागला नाही.

आबा गेले. तो ब्लॉक आमच्या कपाटात आहे. नोंद सुरू झाली, की पहिला नमुना म्हणून मी तो मिरजेला आणून देईन.

आपला,
तासगावचा एक शेतकरी