अर्धा खेळ दुसऱ्याच्या हाती

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

शाळेने बाबांना मुलींच्या खो-खो संघाला शिकवायला बोलावलंय, तो विषय रविवारी फोनवर निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "शाळेला नाही म्हणून सांगून टाकलं." मागून आईचा आवाज आला, "कुठलं सांगितलंय? सांगणार आहेत." म्हणजे अजून आशा आहे असं धरून लिहायला बसले. फोनवर बाबा मला दोन वाक्यांत गुंडाळतात. पत्राला मधेच तोडता येत नाही.

बाबा, तुम्ही तीन कारणं दिलीत: वय, गुडघा आणि मॅट. पहिली दोन नुसती तोंडदेखली. गुडघा दुखतो म्हणून तुम्ही भाजी आणायला जायचे थांबला नाहीत, तर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायला काय होतंय? खरं कारण तिसरं. मातीवरची खो-खो तुम्हाला तळहातासारखी पाठ. पण आता मॅट आली, वेगळे बूट आले, नव्या प्रकारात कुठल्याही दिशेने पळू शकणारा वजीर आला, ठरावीक वेळ बाद न होता टिकलं की मिळणारे ड्रीम रनचे गुण आले. तुम्हाला वाटतं, या खेळातलं आपल्याला अर्धंच कळतं, मग पोरींसमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं? तुम्ही हे असं बोलून दाखवणार नाही, म्हणून मीच लिहिते.

आता मी तुम्हाला एका माणसाबद्दल सांगणार आहे. त्याचं नाव बिल टिअर्नी. आमचा ओजस हातात जाळीची काठी घेऊन दिवाणखान्यातले दिवे फोडत असतो ना, त्याच खेळाचे, लक्रॉसचे हे प्रशिक्षक. आमच्या घरापासून जवळच डेन्व्हर विद्यापीठाचं लक्रॉसचं स्वतंत्र मैदान आहे. टिअर्नी तिथे 2023 पर्यंत होते.

आधी खेळ, कारण बाबा नियम समजल्याशिवाय पुढे वाचणार नाहीत. पुरुषांच्या मैदानी खेळात एका बाजूला दहा जण: तीन आक्रमक, तीन मधले, तीन संरक्षक आणि एक गोलरक्षक. चेंडू भरीव रबराचा, टेनिसच्या चेंडूहून किंचित लहान. गोल सहा फूट बाय सहा फूट. गोलरक्षक सोडून कुणी चेंडूला हात लावायचा नाही, काठीच्या जाळीत घेऊन पळायचं, फेकायचा, झेलायचा. संरक्षकांच्या काठ्या सहा फुटांपर्यंत लांब असू शकतात आणि त्यांनी समोरच्याच्या काठीवर, हातमोज्यांवर मारलेलं चालतं. आई, तू बघू नकोस. मी अजूनही ओजसचा सामना डोळे अर्धे मिटून बघते.

हा खेळ गोऱ्यांचा नाही, तो इथल्या, अमेरिकेतल्या मूळ लोकांचा. होडेनोशोनी, म्हणजे ज्यांना पुस्तकांत इरोक्वॉई म्हणतात, त्यांच्यात हा खेळ आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही खेळतात आणि जागतिक स्पर्धेत त्यांचा स्वतःचा वेगळा संघ उतरतो. नंतर तो पूर्व किनाऱ्यावरच्या शाळा-कॉलेजांनी उचलला आणि पुढे शंभर वर्षं जणू त्यांचीच जहागीर होऊन बसला. आपल्याकडे कसं, खो-खो म्हटलं की सांगली, इचलकरंजी, फलटण. तसं इथे लक्रॉस म्हटलं की बॉल्टिमोर आणि न्यूयॉर्कचं लाँग आयलंड.

टिअर्नी त्याच लाँग आयलंडचे, लेव्हिटाउनचे. बाबा, त्यांची सुरुवात तुमच्यासारखीच शाळेच्या मैदानावर झाली. लाँग आयलंडवरच्या शाळांतल्या पोरांना शिकवता शिकवता ते रॉचेस्टरच्या एका कॉलेजात गेले, तिथून बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सहायक म्हणून. हॉपकिन्सने 1985 आणि 1987 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. संरक्षणाची बाजू टिअर्नींकडे होती.

त्यांचं संरक्षण तुम्हाला आवडेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. समजा आपल्या एका गड्याला चकवून समोरचा आत घुसला. आता एखादा संरक्षक आपला माणूस सोडून त्याच्या अंगावर जातो. याला स्लाइड म्हणतात. पण मग सोडलेला माणूस मोकळा राहिला ना? त्याच्याकडे दुसरा सरकतो, दुसऱ्याची जागा तिसरा भरतो. हे सगळं दोन सेकंदांत. ही पहिली धाव गोलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्यानेच घ्यायची, हे टिअर्नींनी पक्कं करून टाकलं. आणि तोंड बंद ठेवून हे जमतच नाही. चेंडू कुठे आहे हे गोलरक्षक ओरडून सांगतो, "मी जातोय" हे जाणारा ओरडतो, "तुझ्या मागे मी" हे तिसरा. ओजसचे सर सरावात चेंडूच काढून घेतात आणि मुलांना नुसतं सरकायला आणि ओरडायला लावतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तुमचा साखळीचा सराव आठवला. गडी पळवायच्या आधी तुम्ही पोरींना मोकळ्या मैदानात, मागे कुणी नसताना, नुसती साखळी, म्हणजे नागमोडी, पळायला लावायचात.

1988 मध्ये ते प्रिन्स्टनला मुख्य प्रशिक्षक झाले. विद्यापीठ मोठं, पण लक्रॉसचा संघ रडतखडत. शिवाय तिथल्या नियमाप्रमाणे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणजे चांगला खेळाडू ओढून आणायचा तर नुसत्या शब्दावर. पहिल्या वर्षी 2 सामने जिंकले, 13 हरले. आणि हा माणूस त्या काळात पोरांच्या घरी जाऊन सांगत होता म्हणे, की तुम्ही इथून बाहेर पडायच्या आत राष्ट्रीय विजेते व्हाल. 1990 मध्ये त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत थेट हॉपकिन्सलाच, म्हणजे आपल्या जुन्या घरालाच, हरवलं. 1992 मध्ये विजेतेपद. अंतिम सामना सिरॅक्यूजशी, 10-9, तोही दुसऱ्या जादा डावात. मग 1994, 1996, 1997, 1998, 2001. सहापैकी चार अंतिम सामने एका गोलाने आणि जादा वेळेत जिंकले. 2001 च्या संघाचा गोलरक्षक त्यांचा मुलगा ट्रेव्हर होता. आई, कल्पना कर. बाप कडेला उभा, पोरगा गोलात, बरोबरी सुटत नाही. मी असते तर पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेले असते.

त्याच 1992 च्या संघातला डेव्हिड मॉरो नावाचा संरक्षक. दांडगा खेळाडू, अॅल्युमिनियमच्या काठ्या सारख्या वाकवायचा. त्याच्या वडिलांचा मिशिगनमध्ये धातूच्या नळ्या बनवायचा धंदा होता. तिथून टायटॅनियमची काठी निघाली आणि पुढे मोठी कंपनी उभी राहिली. हे इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कारखाना घराला लागून असला की असंच होतं.

आता मुद्द्यावर येते.

2009 मध्ये, साठी जवळ आलेली, सहा विजेतेपदं, हॉल ऑफ फेममध्ये नाव, आणि या माणसाने प्रिन्स्टन सोडून डेन्व्हर धरलं. इथल्या लोकांनीही डोळे चोळले. पश्चिमेकडे तेव्हा लक्रॉसला कोण विचारत होतं? त्यांना तिथे काय कमी होतं, या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी इथे येऊन काय केलं.

कॅनडात एक वेगळं लक्रॉस आहे, बॉक्स लक्रॉस. उन्हाळ्यात हॉकीच्या बर्फाचं मैदान रिकामं झालं की त्याच भिंतींच्या आत सहा-सहा जणांनी खेळायचं. गोल लहान, जागा अडचणीची. त्यामुळे त्या पोरांचे हात लहानपणापासून तयार होतात: दोन हातांच्या अंतरावर पास, खोटी फेक, साथीदाराची आड घेऊन सुटायचं. टिअर्नी घडले ते मोकळ्या मैदानावर, आणि त्यांची ख्याती संरक्षणाची. डेन्व्हरला आक्रमण बघायला मॅट ब्राउन नावाचा तरुण सहायक होता. डेन्व्हरचाच माजी खेळाडू, ब्रिटिश कोलंबियाकडचा, बॉक्समध्ये मुरलेला. टिअर्नींनी आक्रमण त्याच्या स्वाधीन करून टाकलं. कॅनडाची पोरं संघात आली, चेंडू बॉक्ससारखा आखूड आखूड फिरायला लागला, आणि सहा विजेतेपदांचा धनी आपल्या संरक्षणाकडे लक्ष देत राहिला.

बाबा, हे वाक्य पुन्हा वाचा. त्यांनी ब्राउनचं काम शिकून घेण्याचा आटापिटा केला नाही आणि ते आपल्याला येत नाही म्हणून घरीही बसले नाहीत.

लगेच सगळं जमलं असंही नाही. 2011, 2013 आणि 2014, तीन वेळा उपांत्य फेरीत हरले. 2013 मध्ये तर सिरॅक्यूजकडून 9-8 ने. आमच्या गल्लीतले लोक तेव्हा "पुढच्या वर्षी" हे तुमच्या शाळेतल्या पालकांसारख्याच सुरात म्हणायचे. 2015 मध्ये उपांत्य फेरीत नोत्र दामला जादा वेळेत 11-10 ने हरवलं आणि अंतिम सामन्यात मेरीलँडला 10-5 ने. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडे पुरुषांचं हे विजेतेपद त्याआधी कधीच आलं नव्हतं. दोन वेगळ्या विद्यापीठांना ते मिळवून देणारा पहिला प्रशिक्षकही टिअर्नीच. त्या संघात ट्रेव्हर बॅप्टिस्ट नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा होता. मोठ्या विद्यापीठांनी त्याला फारसं विचारलंच नव्हतं, तो एका छोट्या कॉलेजात जाणार होता. सुरुवातीला चेंडूवर झटापट होते, फेसऑफ म्हणतात, ती एवढ्या वेळा जिंकायचा की समोरच्यांना चेंडूच मिळेना. असे दुर्लक्षिलेले गडी शोधून काढण्यात तुमचा हात कोण धरणार?

सत्तरी ओलांडल्यावर 2023 मध्ये ते डेन्व्हरमधून निवृत्त झाले आणि गादी ब्राउनकडेच गेली. लोकांनी हार-तुरे घातले, भाषणं केली. पुढच्याच हंगामात हा गृहस्थ व्यावसायिक लीगमध्ये फिलाडेल्फिया वॉटरडॉग्ज संघाचा प्रशिक्षक म्हणून पुन्हा कडेला उभा! त्यांच्या बायकोला काय वाटलं असेल ते आईलाच विचारा.

तर माझं म्हणणं असं. शाळेने तुम्हाला बोलावलंय ते मॅटवर सूर कसा मारायचा हे शिकवायला नाही. त्यासाठी दीपाली आहे. ती तुमचीच विद्यार्थिनी, मॅटवर राज्य स्पर्धा खेळलेली, वजीर कधी आत घालायचा हे तिला झोपेतही कळतं. आक्रमण तिच्या हातात द्या. पूर्ण द्या, मागून सूचना करायच्या नाहीत. संरक्षण तुमच्याकडे ठेवा. पोरींचा पळतीचा वेळ कसा वाढवायचा, थकलेली असताना साखळी कशी टिकवायची, खांबाजवळ हुलकावणी कधी द्यायची, हे मॅट आल्याने बदललेलं नाही. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा महिला संघाची कर्णधार आपली प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. अंतिम सामना लागला तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर बसून दर मिनिटाला "अरे, वळ, वळ!" ओरडत होतात. आईने मला तेव्हाच व्हॉट्सॲपवर पाठवलंय, माझ्याकडे पुरावा आहे.

दीपालीला मी काही बोललेले नाही. ते तुम्ही बोलायचं, आणि "माझ्या हाताखाली ये" असं नाही, "आक्रमण तू बघशील का" असं विचारायचं. नाही म्हणाली तर मग शाळेला खुशाल नकार कळवा, मी परत विषय काढणार नाही.

आई, गुडघ्याचा पट्टा पाठवते आहे, शेजारच्या काकू पुढच्या आठवड्यात पुण्याला येताहेत त्यांच्याबरोबर. मोठ्या मापाचा आहे, बाबा "घट्ट होतो" म्हणतील तर ऐकू नकोस. ओजसने आजोबांसाठी त्याची जुनी काठीही देतो म्हणून हट्ट धरलाय. काकूंच्या बॅगेत मावली तर येईल. आली तर घरात खेळू देऊ नकोस, काचेचं कपाट समोरच आहे.

तुमची,
मनीषा