आठच कामगार, तरी ग्रॅच्युइटी

महोदय,

कुपवाड एमआयडीसीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आमचा जुना टर्नर ११ वर्षांनी काम सोडून गावी गेला. प्रश्न आला ग्रॅच्युइटीचा, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल मालकानं द्यायच्या रकमेचा. ‘कामगार आठच, ग्रॅच्युइटी कसली?’ असं हिशेब बघणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं. हजेरीची जुनी तेलकट वही उघडली, तर पूर्वी बारा जणांच्या सह्या! एकदा दहा कामगार झाले की पुढं संख्या घटली तरी देणं सुटत नाही. मूळ पगार अधिक महागाई भत्ता १३ हजार. भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५ (दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार), गुणिले ११ वर्षं, म्हणजे ८२,५०० रुपये. तेही ३० दिवसांत. (मी आधी ३० नं भागत होतो!) छोट्या मालकांसाठी आपण हा हिशेब सविस्तर छापाल का?

– एक वर्कशॉपमालक, कुपवाड (जि. सांगली)