न वाचता बटण दाबू नकोस

बेळगाव

चि. अमोघ यास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवलास, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. आजारी मुलावर ओरडू नये असे आजीने मला संध्याकाळभर ऐकवले, ते तिला ऐकवू दिले. पण डॉक्टरांची वेळ घेण्याचे पान डचमध्ये उघडले, खाली दोन बटणे होती, त्यांतले एक तू अंदाजाने दाबलेस आणि घेतलेली वेळच रद्द झाली, हे सगळे तू हसत सांगत होतास तेव्हा मला काही हसू आले नाही. पुढची वेळ मिळेपर्यंत ती रात्र तू तापात एकट्याने काढलीस. नंदूकाकांनी सही केलेल्या त्या कागदाचा विषय मी मुद्दाम काढत नाही. तुला सगळे ठाऊक आहे.

हेच दळण पुन्हा दळायचे नाही असे ठरवून लिहायला बसले आहे. बेल्जियममध्ये राहून पाने परक्या भाषेत का उघडतात आणि ती सरळ कशी करायची, एवढेच लिहिते. फोनवर तू ‘हो, हो’ म्हणतोस आणि विसरतोस. लिहिलेले निदान समोर राहते, आणि आयुष्य ग्रंथालयात गेल्यामुळे मला बोलण्यापेक्षा लिहून सांगणे बरे जमते.

तू ब्रसेल्सच्या झावेन्टेम विमानतळावर उतरलास तो दिवस आठव. इकडच्याच सिमवर रोमिंग चालू होते, सगळी पाने इंग्रजीत उघडत होती आणि ‘भाषेचा काही त्रास नाही’ असा तुझा निरोप आला होता. नंतर तू तिथले सिम घेतलेस आणि तीच पाने डच झाली. रोमिंगमध्ये आपली मागणी बहुतेक वेळा आधी मूळ कंपनीकडे, म्हणजे भारतात येते आणि इथून पुढे जाते, त्यामुळे समोरच्या संगणकाला तू बेळगावातच बसल्यासारखा दिसत होतास. नव्या सिमबरोबर तुला बेल्जियमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, मिळाला. हे पत्ते जगात विभागवार वाटलेले असतात. आशिया-प्रशांत भागाचे वाटप ब्रिस्बेनची एपनिक ही संस्था पाहते आणि युरोपचे ॲमस्टरडॅमची राइप. कोणता पत्ता कोणत्या देशातला, कोणत्या गावाजवळचा, याच्या याद्या तयार मिळतात. संकेतस्थळ त्या यादीत डोकावते, तिथे देशाचे नाव पाहते आणि वाचणाऱ्याला न विचारताच त्याची भाषा ठरवून मोकळे होते. देश कळला म्हणजे भाषा कळली असे मानणाऱ्या माणसाचा बेळगावात एक दिवस निभाव लागणार नाही, पण ही संकेतस्थळे बांधणाऱ्यांना ते कोणी सांगितलेले दिसत नाही.

त्यातून तू ज्या देशात गेला आहेस तिथे तर डच, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन अधिकृत भाषा आहेत. फोनवर डच येते आणि घरच्या वायफायवर फ्रेंच का येते, असे तू विचारले होतेस. माझा तर्क असा की तुझ्या घरच्या इंटरनेटचा पत्ता कुठल्या तरी यादीत ब्रसेल्सच्या नावावर लागला असावा, कारण तुझे लुव्हेन गाव तिथून फार लांब नाही आणि या याद्या देशाच्या बाबतीत जितक्या बरोबर असतात तितक्या गावाच्या बाबतीत नसतात. 1962-63 मध्ये कायद्याने आखलेली भाषासीमा त्या यादीला काय कळणार! तुला प्रवेश मिळाला तेव्हा तुझ्या विद्यापीठाचा इतिहास मी वाचून काढला होता. 1968 च्या भाषेच्या भांडणानंतर विद्यापीठ दुभंगले आणि ग्रंथालयाची वाटणी करताना सम क्रमांकांची पुस्तके एकाकडे, विषम क्रमांकांची दुसऱ्याकडे गेली, हे वाचून मला रात्री झोप आली नव्हती. नियतकालिकांचा एक खंड इथे आणि पुढचा तिथे! ज्या गावाने भाषेपायी एवढे सोसले, तिथे पडद्यावरची भाषा चुकते याचे नवल वाटायला नको.

आता उपाय. पत्ता पाहून केलेला तर्क आपल्या हातात नाही, पण ब्राउझर हातात आहे. प्रत्येक पान मागताना ब्राउझर ‘या माणसाला या भाषा चालतात’ अशी यादी क्रमाने पाठवत असतो, आणि शहाणी संकेतस्थळे तिच्याकडे आधी पाहतात. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या लँग्वेजेसमध्ये ती यादी सापडेल. फायरफॉक्समध्ये ती जनरलच्या खाली आहे. आयफोनवर सफारी फोनच्याच भाषांचा क्रम उचलते, म्हणून तिथे जनरलमधल्या ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये जावे लागते. तुझा लॅपटॉप तू तिथल्या दुकानातून घेतलास, तेव्हा त्या यादीत डच अगदी वर बसलेली असणार. इंग्रजी वर आण, मराठी दुसरी ठेव, डच खाली राहू दे. नुसती मराठी ठेवलीस तर मला आनंद होईल, पण ज्या संकेतस्थळाकडे मराठी नाही ते आपल्या मूळ भाषेवर, म्हणजे पुन्हा डचवरच, जाईल.

इंग्रजी निवडताना भारताची किंवा ब्रिटनची निवड, अमेरिकेची नको. काही पाने तारखा त्या निवडीप्रमाणे लिहितात आणि अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. 3 एप्रिलची वेळ तिथे 4/3 अशी दिसेल, तू ती 4 मार्च वाचशील आणि आजारपणात हा फरक कोण पाहत बसतो? मी एवढ्यासाठीच सांगते आहे की—

नाही. तो विषय काढायचा नाही असे ठरले आहे.

यादी बदलूनही एखादे पान हट्टाने डचच राहिले तर ते खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून पाहा. तिथे इंग्रजी दिसले तर दोष जुन्या कुकीचा, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीचा आहे. पूर्वी कधी तरी घाईत तू ‘नेडरलँड्स’ (डच भाषेचे डचमधले नाव) लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवले असशील, संकेतस्थळाने ती निवड कुकीत जपून ठेवली आणि तेव्हापासून ते आज्ञाधारकपणे डच वाढते आहे. त्या एका संकेतस्थळाच्या कुकी पुसल्या की झाले, सगळ्या पुसून बँकेपासून सगळीकडून बाहेर पडण्याची गरज नाही. खासगी खिडकीतही डचच आले तर पानाच्या वरच्या कोपऱ्यात किंवा अगदी तळाशी भाषेची निवड असते, आणि तीही नसेल तर वरच्या पत्त्यात दोन तिरप्या रेघांमध्ये ‘एनएल’ (डच) किंवा ‘एफआर’ (फ्रेंच) ही अक्षरे असतात, त्यांच्या जागी ‘ईएन’ लिहून पाहावे. तुझ्या विभागाचे पान, ज्यावर तुझे नाव आणि तो केस न विंचरलेला फोटो आहे, मला इथे इंग्रजीत उघडते आणि तुला तिथे डचमध्ये, हे आपण दोघांनी एकाच वेळी उघडून पाहिले होते. ते पान मी पुष्कळ जणांना दाखवले आहे. शेजारच्या अक्कांना तर दोनदा.

गूगलचे प्रकरण वेगळे आहे. 2017 पासून ते देशाच्या नावाचा पत्ता टाकला तरी माणूस जिथे बसला आहे तिथलेच निकाल दाखवते, म्हणून भारताचा पत्ता लिहून सुटका होत नाही. खात्याची भाषा, शोधाच्या पानाची भाषा आणि निकालांचा प्रदेश या तीन निराळ्या निवडी आहेत आणि एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. प्रदेश मात्र बेल्जियमच राहू दे. भारत ठेवलास तर ‘जवळचे औषधाचे दुकान’ विचारल्यावर काय दिसेल ते मला सांगायला नको. फोनवरच्या एखाद्याच ॲपची भाषा निराळी हवी असेल तर अँड्रॉइड 13 पासून तशी सोय फोनच्या सेटिंग्जमध्येच आहे. व्हीपीएन लावून भारतात बसल्याचे सोंग आणण्याचा तुझ्या मित्राचा उपाय मला पसंत नाही. भाषेपुरते ते चालेल, पण बँकेला खातेदार लुव्हेनमध्ये आणि त्याचा संगणक मुंबईत दिसला तर ती संशय घेणारच.

कायद्यानेही तुला थोडे बळ दिले आहे, ते माहीत असू दे. डिसेंबर 2018 पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे संघातल्या विक्रेत्याला ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याला आपल्या संकेतस्थळाच्या दुसऱ्या आवृत्तीकडे ढकलता येत नाही. शिवाय पैसे द्यावे लागणार असतील तर तसे त्या शेवटच्या बटणावरच स्पष्ट लिहावे लागते, आणि ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू 14 दिवसांत परत करता येतात. पण हे सगळे नियम वाचणाऱ्यासाठी आहेत. बटणावर लिहिलेले जो वाचतच नाही, त्याला कायदा कुठवर पुरणार?

ब्राउझरचे भाषांतर वाईट आहे असे मी म्हणत नाही. बातमी वाचायला, भाड्याच्या घराची जाहिरात समजून घ्यायला ते उत्तम आहे. मात्र बटण दाबण्यापूर्वी भाषांतर बंद करून मूळ पान एकदा पाहावे आणि बटणावरचे तेवढेच शब्द वेगळे तपासावेत, कारण एकट्या शब्दाला पुढचा-मागचा आधार नसतो आणि यंत्र तिथेच घसरते. औषधाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिथे दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. ‘2,5 मिली’ म्हणजे अडीच. ग्लानीत तो स्वल्पविराम दिसला नाही तर पंचवीस होतात, दहापट! हे वाचून तू ‘आई, मी लहान नाही’ असे म्हणणार. नाहीस. पीएच.डी. करतो आहेस. ताप मात्र पदवी पाहून चढत नाही.

पाहा, पुन्हा प्रवचन झाले. रागावू नकोस.

या सगळ्या उपायांनी तुझे सगळे काम होईल अशी खोटी आशा मी दाखवत नाही. फ्लँडर्समध्ये, म्हणजे तुझे लुव्हेन ज्या डच भाषेच्या भागात आहे तिथे, नगरपालिकेला कारभार डचमध्येच करावा लागतो, तसा कायदाच आहे, आणि तिथे कोणतीही सेटिंग कामाला येणार नाही. तिथली पत्रे डचमध्येच येतील. म्हणून थोडी डच शीक, असे म्हणते. तुला ते जड जाणार नाही, हे मी आईपणाने नाही, डोळ्यांनी पाहिले म्हणून सांगते. दुसरीत होतास. मराठी शाळेत जाणारा मुलगा, पण मध्यवर्ती बसस्थानकावर उभा राहून कन्नड पाट्या आणि बसवरचे कन्नड आकडे घडाघडा वाचायचास. अक्कांनी ओसरीवर पाटी-पेन्सिल घेऊन शिकवले होते. चंदगडकडून दवाखान्यासाठी आलेले म्हातारे लोक तुला विचारायचे, ‘बाळ, ही कुठली गाडी रे?’ आणि तू पाटीकडे मान वर करून आधी पूर्ण वाचायचास, मग सांगायचास. एकदा गाडी हलायला लागली, ती माणसे घाई करत होती, बाबाही म्हणाले, ‘सांग ना लवकर.’ तरी तू शेवटचे अक्षर वाचल्याशिवाय बोलला नाहीस. गाडी गेली. बाबांना राग आला नाही. नंतर कित्येक दिवस ते हा किस्सा कचेरीत सांगत होते. त्या मुलाने अंदाजाने बटण दाबले, हे मला पटत नाही आणि म्हणूनच फोनवर आवाज चढला.

आता दोन कामे आजच कर. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर लागला तर 1733 आणि जिवावरचे असेल तर 112, हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये नावानिशी घाल. ‘112 बीई’ नावाचे ॲप इंग्रजीतही आहे, ते उतरवून त्यात तुझ्या पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद कर. आजारपणात पान समजले नाही तर पानाशी झुंजत बसू नकोस, सरळ फोन लाव आणि इंग्रजीत बोलता येईल का म्हणून विचार. तेही नको वाटले तर मला फोन कर. तुमच्याकडे मध्यरात्र असेल तेव्हा इथे पहाट झालेली असते आणि मी उठलेलीच असते. पडदा मला दाखव, आपण दोघे मिळून वाचू. डच मलाही येत नाही, पण माझ्यासमोर तू घाई करणार नाहीस.

आजी बरी आहे. ताईचे पार्सल पोचले का ते कळव. येत्या रविवारी ब्राउझरची यादी उघडूनच फोन कर, म्हणजे क्रम बरोबर लागला की नाही ते मला पाहता येईल.

तुझी,
आई

ता. क. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या खोक्याचा फोटो पाठव. मात्रेचा आकडा नीट दिसेल असा काढ.