सूर्य विजेवर चालतो, तर न्यूट्रिनो येतात कुठून?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 'विद्युत सूर्य' हा लेख वाचला. सूर्याची ऊर्जा त्याच्या गाभ्यात तयार होत नाही, आकाशगंगेतून येणारा विद्युतप्रवाह त्याला बाहेरून पेटता ठेवतो, हे मत १९७०च्या दशकात राल्फ जर्गन्स या अमेरिकी अभियंत्याने मांडलं. लेख छापला याबद्दल तक्रार नाही. पण या मताची परीक्षा कशी झाली, ते त्यात कुठेच नाही.

लेखकाचा भर प्रभामंडलावर, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणावर आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आणि त्याच्या वरचं विरळ प्रभामंडल दहा लाखांच्या वर, हे कसं? प्रश्न खरा आहे आणि शास्त्रज्ञ अजून त्यावर काम करताहेत. मात्र प्रभामंडल तापायला लागणारी ऊर्जा सूर्यप्रकाशाच्या मानाने अगदी किरकोळ असते. तेवढ्यावरून सगळा सूर्य बाहेरून तापतो, असं ठरत नाही. शिवाय प्रवाह आत येत असेल, तर इलेक्ट्रॉनांचा लोंढा सूर्याकडे जाताना दिसायला हवा. यानांना दिसतो तो सौरवारा, म्हणजे सूर्यातून सुटणारा कणांचा झोत, आणि त्यात इलेक्ट्रॉन व प्रोटॉन दोन्ही बाहेरच वाहतात. आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या एल१ बिंदूपाशी हाच वारा मोजतंय.

खरी कसोटी न्यूट्रिनोंची, म्हणजे कशालाही न अडता आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची. प्रस्थापित सिद्धांतानुसार सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होऊन ऊर्जा मिळते; तसं होताना ते सुटतात आणि आठ मिनिटांत इथे पोचतात. ते पकडायला रे डेव्हिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने तिथल्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, ड्रायक्लीनिंगच्या द्रवाची ३.८ लाख लिटरची टाकी ठेवली. अपेक्षेच्या एक तृतीयांशच न्यूट्रिनो सापडले, तेही वर्षानुवर्षं! त्या काळात कोणी प्रस्थापित सिद्धांतावर शंका घेतली असेल, तर ती रास्तच होती. पण २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरी प्रयोगशाळेने एक हजार टन जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं पाणी) वापरून दाखवलं, की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. डेव्हिस यांच्या टाकीला त्यातला एकच प्रकार सापडत होता. सगळे प्रकार धरल्यावर हिशेब जुळला. २०१४ मध्ये इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने गाभ्यातल्या मूळ प्रोटॉन-प्रोटॉन अभिक्रियेचे न्यूट्रिनो थेट पकडले. त्यांवरून काढलेली ऊर्जा सूर्यप्रकाशातून दिसणाऱ्या ऊर्जेशी जुळते. हे विद्युत सूर्याच्या कोणत्या गणितातून निघतं, ते लेखकाने सांगावं. एवढंच माझं मागणं आहे.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. मराठवाड्यातली पोरं तिच्याबद्दल विचारतात, तुमची पुरवणी कापून वहीत चिकटवतात. त्यांच्या हाती निम्मीच गोष्ट जाऊ नये याची मला फार काळजी वाटते. नांदेड किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या एखाद्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडून सौर न्यूट्रिनोंवर लेख मागवा, आणि तो त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, वसमत (जि. हिंगोली)