जीवशास्त्राची प्रात्यक्षिके पावसाळ्यातच घ्या

महोदय,

दोन-चार चांगले पाऊस झाले की शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या आवारात जीवशास्त्राच्या निम्म्याअधिक प्रात्यक्षिकांचे साहित्य आपोआप उगवते. नेमके त्याच दिवसांत वर्गात फळ्यावर आकृत्या काढल्या जातात. प्रात्यक्षिकांना वेग येतो तो डिसेंबरात, जर्नल पूर्ण करायची वेळ आल्यावर. तोवर भिंतीवरचे शेवाळ वाळलेले असते, वाफे मोकळे झालेले असतात, आणि विकतच्या तयार स्लाइडवर मुलांची बोळवण होते. पुण्यातल्या शाळांनी हे वेळापत्रक बदलून जून ते सप्टेंबर हे महिने बागेसाठी राखावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

सुरुवात मुळांवरच्या गाठींपासून करावी, कारण वनस्पती आणि जिवाणू तिथे एकाच मुठीत सापडतात. चवळी किंवा मूग जूनच्या मध्यावर पेरला तर पस्तीस-चाळीस दिवसांनी, शेंगा भरण्याआधी, गाठी पाहण्याजोग्या होतात. रोप उपटू नये. पुण्याच्या काळ्या चिकट मातीत उपटलेल्या रोपाची बारीक मुळे तुटतात आणि गाठी मातीतच राहतात. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे, खुरप्याने चहूबाजूंनी वीतभर खोल खणून ढेकळासकट रोप काढावे आणि अर्धा तास बादलीत भिजू द्यावे. माती आपसूक सुटते. मग गाठ ब्लेडने मधोमध कापावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ कामाची आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणारे, म्हणजे स्थिर करणारे, विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या संपर्कात निकामी होते, म्हणून ऑक्सिजन बांधून ठेवण्याचे काम हा पदार्थ करतो. आतून पांढरी गाठ कोवळी किंवा निष्क्रिय, हिरवट झालेली म्हातारी.

गाठीच आल्या नाहीत तर बियाण्याला दोष देण्याआधी माळीकाकांना युरियाबद्दल विचारावे. आयता नायट्रोजन मिळाला की झाड जिवाणूंना थारा देत नाही. आणखी एक गफलत नेहमी होते. सूत्रकृमींमुळे, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जंतांमुळे, मुळावर आलेल्या फुगवट्यांनाच गाठी समजले जाते. रायझोबियमची, म्हणजे नायट्रोजन स्थिर करणाऱ्या जिवाणूंची, गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि नखाने सहज निघते. सूत्रकृमींची गाठ म्हणजे खुद्द मूळच सुजलेले असते, ती वेगळी होत नाही. हा फरक मुलांना हाताने करू द्यावा. गाठ धुऊन पाण्याच्या थेंबात चिरडावी, पातळ लेप वाळवून ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवावा, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट ठेवून धुवावे. सूक्ष्मदर्शकाच्या ४५च्या भिंगाखाली जांभळे ठिपके दिसतील. जिवाणूंचा आकार नीट पाहायचा तर १००चे भिंग आणि तेल लागतेच. लेप जाड झाला तर झाडाच्या पेशींच्या गर्दीत काहीच कळत नाही.

मुळांत राहणाऱ्या बुरशीचा, म्हणजे मायकोरायझाचा, प्रयोग तर शाळांत जवळजवळ होतच नाही, आणि तो झेंडू व मोहरी या दोन रोपांवर उत्तम होतो. बारीक, कोवळी मुळे सेंटीमीटरभर कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक होईपर्यंत गरम करावीत. हे काम शिक्षकांनीच, हातमोजे आणि चष्मा घालून करावे. हे द्रावण कातडी जाळते. मुळे पाण्याने धुऊन, ९५ मिली व्हिनेगरमध्ये ५ मिली काळी फाउंटन पेनची शाई घालून त्यात तीन मिनिटे उकळावीत. नंतर व्हिनेगरचे थोडे थेंब टाकलेल्या पाण्यात वीस मिनिटे ठेवावीत. जादा शाई उतरते, बुरशीचे धागे रंगलेले राहतात. ट्रिपॅन ब्लूसारखा घातक रंग शाळेत आणायची गरज उरत नाही. झेंडूच्या मुळात धागे आणि फुगीर पिशव्या दिसतात. मोहरीच्या कुळाने मात्र या बुरशीशी सोयरीक सोडली आहे, तिची मुळे रिकामी असतात. ही तुलना नसेल तर मूल केवळ ‘काहीतरी निळे-काळे दिसले’ एवढेच लिहील.

मातीतले जिवाणू मोजायचे तर विरलनाला, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ करण्याला, पर्याय नाही. प्रत्येकी ९ मिली निर्जंतुक पाण्याच्या पाच नळ्या घ्याव्यात. पहिलीत १ ग्रॅम माती घालून नीट हलवावी, तिच्यातले १ मिली दुसरीत, असे पाचवीपर्यंत. दर वेळी नवी पिपेट हवी, नाहीतर आधीच्या नळीतले जिवाणू पुढे येऊन आकडा फुगतो. पाचव्या नळीतले ०.१ मिली प्लेटमधल्या न्यूट्रिएंट अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर, पसरावे. समजा ६४ वसाहती (जिवाणूंचे ठिपके) आल्या, तर ६४ गुणिले १० गुणिले १ लाख, म्हणजे ग्रॅमभर मातीत ६ कोटी ४० लाख. मधला दहाचा गुणाकार हमखास विसरला जातो. प्लेटवर ३० ते ३०० वसाहती असतील तरच मोजणी धरावी. गवताच्या मुळांना चिकटलेली माती आणि हातभर अंतरावरची उघडी माती अशा दोन्ही घेतल्या तर मुळांभोवतीची गर्दी आकड्यांत दिसते.

ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) नाही ही सबब चालणार नाही. घरचा शिटीचा कुकर पुरतो. लिटरला २८ ग्रॅम न्यूट्रिएंट अगारची तयार पावडर विरघळवून बाटल्या अर्ध्याच भराव्यात, झाकणे सैल ठेवावीत. वाफ जोरात येऊन आतली हवा निघून गेल्यावरच शिटी लावावी. हवा अडकली तर शिटी होते पण तापमान चढत नाही, आणि दोन दिवसांनी न वापरलेल्या प्लेटवरही वसाहती उगवतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने कुकर १२१ अंशांना किंचित कमी पडतो, म्हणून १५ ऐवजी २५ मिनिटे द्यावीत. कुकर आपोआप गार होऊ द्यावा. शिटी उचलली की माध्यम उकळून बाहेर येते.

पाच-सात दिवसांनी काही वसाहती खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, पांढुरक्या दिसू लागतात. त्या बहुधा स्ट्रेप्टोमायसिसच्या. पहिल्या पावसाच्या मृद्गंधामागे हेच जिवाणू असतात. पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले गेले, ते स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून. गावाचे नाव जिवाणूच्या नावात कोरले गेले आहे, हे पिंपरी-चिंचवडच्या मुलांना प्लेट हातात असतानाच सांगावे.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. मातीत धनुर्वाताचे जिवाणूही असतात. वसाहती दिसू लागल्यावर प्लेट उघडू नये. झाकणातूनच निरीक्षण करावे. झाकण चार ठिकाणी चिकटपट्टी लावून बसवावे, पूर्ण गोल बंद करू नये, कारण हवा तुटली की ऑक्सिजन नको असणारे जिवाणू वाढतात. प्लेट ३७ अंशांना ठेवू नये, खोलीच्या तापमानालाच वाढवावी. माणसाच्या अंगात सुखाने राहणाऱ्यांना आमंत्रण कशाला? मोबाइल, तोंड, स्वच्छतागृह इथले नमुने मुळीच घेऊ नयेत. काम झाल्यावर प्लेट न उघडता अर्धा तास कुकरमध्ये शिजवून मगच टाकाव्यात. हाताला जखम असलेल्या मुलाला मातीचे काम देऊ नये.

जानेवारीसाठीही बेगमी करता येते. फरशांच्या फटीत जुलैत उगवणारी काळपट हिरवी जेली बहुतेकदा नोस्टॉक असते. ती सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावी. सहा महिन्यांनी पाण्यात टाकली की पुन्हा फुगते. वाटाण्याएवढा तुकडा सुईने विंचरून पाहिला की मण्यांच्या माळा दिसतात, आणि मध्येच एखादा जाड भिंतीचा, फिकट, मोठा मणी. नायट्रोजन तिथे स्थिर होतो. ऱ्हियो या शोभेच्या झाडाचे पान तर बारमाही मिळते. त्याच्या जांभळ्या बाजूची साल पर्णरंध्रांनाही पुरते आणि मिठाच्या पाण्यात रसद्रव्यकुंचनालाही, म्हणजे पेशीतले पाणी निघून आतला भाग आकसताना पाहायलाही.

या सगळ्याला दहा बाय दहा फूट उघडी जमीन लागते. चिखल नको म्हणून अनेक शाळांनी भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. संस्थाचालकांनी निदान एका कोपऱ्यातले ब्लॉक काढून द्यावेत, तिथे युरिया आणि तणनाशक टाकू नये, आणि विज्ञानाच्या तासिका पावसाळ्यात लागोपाठ दोन जोडून द्याव्यात. एका तासात गाठी धुऊन होतात, पाहून होत नाहीत.

आपले,
जीवशास्त्राचे काही शिक्षक, पुणे