सुएझ कुणी खणला, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सुएझ कालव्यावर पानभर लेख आला होता तो वाचला. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज आडवं अडकलं तेव्हा त्यावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते हे आवर्जून लिहिलंत, त्याबद्दल आभार, कारण आमच्या दाभोळ-गुहागर पट्ट्यात त्या सहा दिवसांत घराघरात टीव्हीला डोळे लावून बसले होते सगळे. पण कालवा कसा झाला त्याबद्दल एकच ओळ, की फर्डिनांड द लेसेप्स या फ्रेंच माणसाने १८६९ साली तो बांधला. वेठ हा शब्द अख्ख्या लेखात एकदाही नाही. हे मला फार लागलं म्हणून लिहितोय.

मी २९ वर्षं बोटीवर होतो, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून रिटायर झालो. सुएझमधून किती वेळा गेलो त्याचा हिशोब नाही. पोर्ट सईदकडून आत शिरलं की उजवीकडे मन्झाला सरोवराचं उथळ पाणी दिसतं, आणि पुढे इस्माईलिया यायच्या आधी दोन्ही बाजूला वाळूची उंच टेकाडं लागतात, ते अल गिस्र. पहिल्या ट्रिपला मला वाटलं होतं हे सगळं मशीननेच कापलं असणार. मशीन आली, ड्रेजर आले, त्यांनी काम पण पुष्कळ केलं, पण ते नंतर. सुरुवातीची वर्षं फावडं, टोपली आणि माणसाची पाठ, एवढंच होतं.

एप्रिल १८५९ मध्ये पहिली कुदळ पडली. त्याआधीच १८५६ मध्ये इजिप्तचा शासक सईद पाशा याने लेसेप्सच्या कालवा कंपनीला कबूल केलं होतं की पाचातले निदान चार मजूर इजिप्तचे असतील आणि ते सरकार पुरवेल. पुरवेल म्हणजे कसं, तर गावच्या शेखला, म्हणजे मुखियाला, हुकूम, शेखने घरं मोजून माणसं द्यायची, म्हणजे आपल्याकडे वेठीला धरायचे तसंच. त्याच वर्षीच्या फर्मानात मजुरी पण लिहिलेली आहे, दिवसाला अडीच ते तीन पियास्टर (तिथलं नाणं) आणि वर शिधा, आणि बारा वर्षांखालच्यांना एक पियास्टर पण शिधा पूर्ण. बारा वर्षांखालचे! म्हणजे पोरंही येणार हे धरूनच कागद केला होता.

१८६२ च्या सुमारास काम ऐन भरात होतं तेव्हा दर महिन्याला वीस हजार शेतकरी नवे आणायचे. वीस हजार कामावर, वीस हजार वाटेवर येताना आणि वीस हजार परत जाताना, म्हणजे कोणत्याही वेळी साठ हजारांच्या आसपास माणसं शेताबाहेर. लांबलांबच्या गावांतून नाईलने होडीत कोंबून आणायचे, मग पुढे वाळवंटातून चालत. गोड्या पाण्याचा कालवा येईपर्यंत पाणी उंटांवरून यायचं. अल गिस्रची टेकाडं या लोकांनी टोपल्यांनी उपसली आणि नोव्हेंबर १८६२ मध्ये भूमध्य समुद्राचं पाणी इस्माईलियाजवळच्या तिमसाह सरोवरात पोचलं. मन्झालाच्या दलदलीत तर टोपलीत चिखल राहायचाच नाही, म्हणून तिथले कोळी हाताने चिखल काढून छातीशी दाबून पाणी पिळायचे आणि ते गोळे पाठीवरून नेऊन एकावर एक रचून उन्हात वाळवायचे, तसे काठ उभे राहिले. आपल्याकडे खारबंदीच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या, बांधाला खांड पडली की कमरेएवढ्या चिखलात उभं राहून ढेपे लावलेली माणसं अजून गावात आहेत, त्यांना विचारा ते काम काय असतं. आणि खारबंदी निदान आपल्याच शेतासाठी असते.

वेठ म्हणजे काय हे कोकणाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. आमची आजी सांगायची, खोताची लावणी झाल्याशिवाय आपल्या वाफ्यात पाय नाही टाकायचा, आपला तरवा पिवळा पडला तरी. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तेव्हा खोतांचं म्हणणं काय होतं, की हे तर पूर्वापार चालत आलंय. लेसेप्सचं पण अगदी हेच म्हणणं होतं, की इजिप्तमध्ये सार्वजनिक कामं नेहमी अशीच होतात. मला हे वाचल्यावर खोत आणि साहेब एकाच शाळेत शिकले की काय असं वाटलं.

आता मुद्द्याचं सांगतो. १८६३ मध्ये सईद गेला, इस्माईल आला. इंग्लंड आधीपासून वेठीविरुद्ध ओरडत होतं (त्यांच्याच इंजिनिअर स्टीफन्सन साहेबाची अलेक्झांड्रिया-कैरो रेल्वे वेठीवरच झाली होती, त्यांना खरी पोटदुखी फ्रेंचांच्या कालव्याची होती) आणि इजिप्त ज्याच्या नावाखाली होतं त्या तुर्कस्तानच्या सुलतानानेही ही वेठ बंद करा म्हणून लावून धरलं. शिवाय तेव्हा अमेरिकेत यादवी चालू, कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत जशी कापसाची लाट आली तशी इजिप्तमध्येही, त्यामुळे इस्माईललाही माणसं शेतात हवी होती. वेठ थांबवायचं ठरलं तर कंपनी म्हणाली आमचं नुकसान झालं. लवाद कोण, तर फ्रान्सचाच सम्राट तिसरा नेपोलियन. त्याने जुलै १८६४ मध्ये निकाल दिला की इजिप्तने कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यायचे, त्यातले ३ कोटी ८० लाख फक्त वेठीचे मजूर काढून घेतल्याबद्दल, बाकीचे जमीन आणि गोड्या पाण्याच्या कालव्याचे. ज्या देशाची माणसं राबली त्याच देशाने वेठ बंद केल्याचा दंड भरला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा आकडा तपासला.

१७ नोव्हेंबर १८६९ ला फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी पहिल्या जहाजातून गेली, मोठा सोहळा झाला. सहाच वर्षांत, १८७५ ला, कर्जात बुडालेल्या इस्माईलने आपले शेअर इंग्लंडला ४० लाख पौंडांना विकले आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज घेऊनच आत आले. १९५६ मध्ये इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासर याने कालवा ताब्यात घेतला तेव्हा भाषणात सांगितलं की १ लाख २० हजार इजिप्शियन यात मेले. त्या आकड्यावर वाद आहेत, कंपनीचे आकडे फारच कमी आहेत, पण कंपनीचे डॉक्टर कंपनीचेच होते हेही लक्षात ठेवायला हवं, आणि घरी जाताना वाटेत जो पडला त्याची नोंद कोण ठेवणार होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्ट सईदच्या धक्क्यावरचा लेसेप्सचा पुतळा लोकांनी उडवला. मी बघितला तेव्हा नुसता चौथरा होता.

सुएझने मुंबई-लंडन अंतर जवळजवळ ४० टक्के कमी झालं आणि आमच्यासारख्या कोकणातल्या हजारो घरांची चूल त्या वाटेवर पेटली, हे मी कधीच नाकारणार नाही. माझं घर त्याच पैशाने उभं आहे. म्हणूनच सांगतोय की पुरवणीत दुरुस्ती छापा. जागा कमी असेल तर बाकी सगळं गाळा, पण दर महिन्याला आणलेले वीस हजार शेतकरी आणि ते ३ कोटी ८० लाख फ्रँक कशाचे होते, एवढं नक्की घ्या.

आपला,
एक निवृत्त खलाशी, दाभोळ