ड्रिलला ऑगर लावण्याआधी जमिनीत पारय (पहार) मारून बघा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रानडुकरांनी भात लोळवलं, माकडांनी नारळ पाडले अशा बातम्या येतच असतात. त्या वाचून आणि घरचे सुरणाचे वाफे एका रात्रीत उलटे झालेले बघून यंदा मी पण कुंपण घालायचं मनावर घेतलं. आमचा राजापूर तालुका, गावाचं नाव लिहीत नाही, लोक अजून हसतायत.

गडगा म्हणजे दगडी कुंपण घालायचं तर चिऱ्याचा खर्च ऐकूनच घाम फुटतो, आणि खड्डे मारायला गडी मिळत नाही, मिळाला तर पाच-सहा खड्डे झाल्यावर म्हणतो दादा कंबर धरली. आता हिशोब बघा, एकराचा चौकोनी तुकडा धरला तर वेढा होतो साधारण ८३५ फूट, आठ फुटांवर एक खांब म्हटलं तरी शंभराच्या वर खड्डे. मग माणूस रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघतो, ड्रिलला मळसूत्रासारखं लांब पातं, म्हणजे ऑगर, लावलेलं, भुर्रकन जमिनीत जातं, बाहेर येतं, झाला खड्डा. त्या व्हिडिओतली जमीन काळी, भुसभुशीत, जणू केक. आपल्या सड्यावर, कातळाच्या माळावर, कुठे आहे तसली जमीन!

माझी चूक सांगतो. मोठं घेतलं की सगळ्याला चालेल म्हणून मी ८ इंची पातं मागवलं आणि घरात भिंतीला भोकं पाडायचा वायरवाला हॅमर ड्रिल होता त्याला लावलं. हे ड्रिल मिनिटाला २८०० वगैरे फेरे फिरतात, भिंतीला वेग लागतो म्हणून, पण मातीला वेग नको, जोर हवा, आणि तो हळू फिरणाऱ्या गिअरमधूनच मिळतो. पहिले सहा इंच पालापाचोळा आणि मऊ माती, मला वाटलं जिंकलो, तेवढ्यात काजूचं मूळ लागलं. पातं जागच्या जागी थांबलं, ड्रिल कुठे थांबतोय, तो माझ्या हातासकट उलटा फिरला. डावं मनगट आठ दिवस सुजलेलं. तरी शहाणपण नाही, तिसऱ्या खड्ड्याला जळका वास आला आणि खेळ खलास. रिपेअरवाल्याने ड्रिल उघडायच्या आधी नुसता हुंगला आणि म्हणाला, काका, हा मातीत घातलात काय?

८ इंचीचा मोह का नको ते पण सांगतो. ४ इंचीचं पातं ८ इंची केलं की माती दुप्पट नाही, चौपट उपसावी लागते, तेवढं ओझं हातातल्या ड्रिलवर पडतं. साधा नियम असा की खड्डा खांबाच्या रुंदीच्या तिप्पट हवा आणि खांबाच्या लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत. म्हणजे २ इंची जीआय पाइप किंवा अँगल असेल तर ६ इंची खड्डा, हे चांगल्या ड्रिलच्या आवाक्यातलं शेवटचं टोक. सिमेंटचा ४ इंची खांब म्हणजे खड्डा १२ इंची, तिथे ड्रिलचं नाव काढू नका, दोन माणसांनी धरायचं पेट्रोलचं मशीन आणा, ५२ सीसी नाहीतर ६३ सीसीचं.

मग ड्रिल कुठला? नंतर मी भाच्याचा बॅटरीवाला आणला, १८ व्होल्टचा, ब्रशलेस, दोन गिअरचा, १३ एमएम चक (पात्याचा दांडा पकडतो तो जबडा), आणि मुख्य म्हणजे बाजूला लांब हँडल. वरच्या स्विचवर १ आकडा ठेवायचा, त्यात तो चारशे-पाचशेच फेरे फिरतो. बॅटरी २ अँपिअर-अवरची असेल तर चार्जिंगला घरात परत जायला तयार राहा, ४ किंवा ५ ची हवी. ज्यांच्याकडे पुट्टी-सिमेंट कालवायचं दोन हँडलचं मिक्सर मशीन आहे त्यांनी ते वापरावं, दोन्ही हातांत भार वाटला जातो, फक्त पात्याचा दांडा त्यात बसतो का ते आधी बघा. दांडा षटकोनी घ्या, गोल दांडा चकमध्ये घसरतो.

आता जमिनीचं. हे दुकानदार सांगत नाही आणि व्हिडिओवाला तर नाहीच. आपला जांभा दगड आत ओला असतो तोवर कापता येतो, ऊन-वारा लागला की घट्ट होत जातो, म्हणून तर त्याचे चिरे पाडून आपण घरं बांधतो. बुकानन नावाच्या साहेबाने १८०७ साली याला लॅटेराइट म्हटलं ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, आता विटेत मळसूत्र फिरवून काय होणार! उघड्या कातळावर ऑगर म्हणजे पातं घासून चकचकीत करायचं यंत्र. पण पुष्कळ ठिकाणी वरची खपलीच कडक असते, ती पारयेने फोडली की खाली पिवळट मऊ लागतं, तिथे ऑगर छान उतरतो. किनाऱ्याकडे पुळणीत, म्हणजे वाळूत, उलटं, खड्डा पडतो पण पातं काढलं की कडा ढासळून परत भरतो, तिथे माती ओली असतानाच लगेच खांब उभा करावा लागतो.

म्हणून आधी पारय घ्या, कुंपणाच्या रेषेवर दहा-बारा ठिकाणी मारा. ठण्ण वाजलं तिथे ऑगर नाही. धप्प वाजलं तिथे चालेल. आणि हे काम पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमिनीत ओल असताना. मे महिन्यात माझ्याच बागेतली तीच माती तव्यासारखी झालेली असते, तेव्हा आदल्या संध्याकाळी खळगी करून पाणी भरून ठेवलं तर जरा मऊ येतं.

चालवताना एका दमात खाली दाबायचं नाही. पाच-सहा इंच गेलं की फिरतं ठेवूनच वर काढायचं, माती झटकायची, परत घालायचं. अडकलं तर ओढाओढ न करता रिव्हर्स. ट्रिगरचं लॉक बटण असेल तर त्याला हातच लावू नका, मूळ लागलं की बोट सुटून मशीन बंद व्हायला हवं. कॉलरवर आकडे असतात तो क्लच ड्रिलच्या खुणेवर न ठेवता मोठ्या आकड्यावर ठेवला तर दगड लागल्यावर मनगटाऐवजी क्लच घसरतो. आणि गळ्यात पंचा नको, लुंगी नको. शेजारच्या अण्णांचा पंचा पात्यात असा गुंडाळला गेला की ते वाकले ते खड्ड्यापर्यंतच, नशीब बॅटरी संपत आलेली. बागेत ड्रिपचे पाइप कुठून गेलेत तेही आठवून बघा, मी एक फोडलाच.

एक फायदा मात्र मनापासून सांगतो. २-३ इंची बारीक पातं गिरिपुष्पाच्या काठ्या लावायला झकास. पहिला पाऊस झाला की फूटभर भोक, त्यात काठी, बाजूने माती दाबली, पुढे. पूर्वी पारयेने हलवून हलवून भोक करताना सालं सोलायची, आता नाही. जिवंत वई (कुंपण) होते आणि पाला कलमांच्या आळ्यात.

माझं म्हणणं एवढंच की शेतीची अवजारं विकणाऱ्यांनी दुकानामागे दोन हात जमिनीत गिऱ्हाईकाला एक खड्डा मारून बघू द्यावा, आणि गावच्या सोसायटीने किंवा बचत गटाने पेट्रोलचं एक मशीन भाड्याने ठेवावं, आयुष्यात एकदा घालायच्या कुंपणासाठी प्रत्येकाने का विकत घ्यायचं.

पत्र छापणार असाल तर नोव्हेंबरच्या आत छापा, मेमध्ये छापून कुणाला उपयोग नाही.

आपला,
एक आंबा बागायतदार, ता. राजापूर